माळा, मोडी आणि रद्दीवाला

वाडा सोडून टू बीएचकेत जायचं ठरलं की पहिली गदा येते ती माळ्यावरच्या ट्रंकेवर. पण मराठ्यांच्या इतिहासाचा केवढा तरी भाग अशाच ट्रंकांमधून आलाय, राव!

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून घराघरातली दप्तरं गोळा करायचे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला १८९८ साली, पानिपतच्या आगेमागेच्या पत्रांचा. पुढे एकूण २२ खंड झाले. लोक कागद सहजी दाखवत नसत, आणि मला ते पटतं. कर्जरोखे, भाऊबंदकीचे वाद... तेव्हाचा पर्सनल डेटाच की तो!

बरं, हे सगळं जपलं गेलं ते काही इतिहासाच्या प्रेमापोटी नाही. सनद म्हणजे वतनाचा पुरावा. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशन एकेकाचे हक्क तपासू लागलं, तेव्हा कागद नसेल तर इनाम गेलंच म्हणून समजा.

खरा घात झाला तो विसाव्या शतकात मोडी शाळांतून गेली तेव्हा. कागद तेच, घर तेच, पण वाचणारं कोणी उरलं नाही. (आपल्या फ्लॉपी आठवा! डेटा आहे, ड्राइव्ह नाही.) आजोबांनी जिवापाड जपलेलं नातवाला नुसतं गिचमिड दिसतं, आणि ते किलोच्या भावाने जातं.

तेव्हा पॅनच्या झेरॉक्सा, जुनी बँक स्टेटमेंट्स खुशाल बारीक फाडा. रद्दीवाल्याला आख्खी देऊ नका. मोडीतला गठ्ठा मात्र बाजूला ठेवा. पुण्यात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. एक चक्कर टाकून दाखवून तर या.