मारुती ८००, अल्टोला पिकअप नाही? सायलेन्सर बदलण्याआधी हे तपासा

जुनी मारुती ८०० किंवा अल्टो घेतली की पहिली तक्रार ठरलेली: 'चढाला गाडी ओढत नाही.' मग कुणीतरी सांगतं, फ्री-फ्लो सायलेन्सर टाक, पॉवर वाढेल. वाढते, पण थोडीशीच.

या गाड्यांना टर्बो नाही. पिस्टन खाली जाताना ओढेल तेवढीच हवा. ७९६ सीसीचं इंजिन मिनिटाला ६००० फेरे फिरलं तरी २,४०० लिटरच्या आतच हवा घेतं. एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा न वाढवता पेट्रोल वाढवलं तर काळा धूर तेवढा निघतो.

कार्ब्युरेटरची ८०० चाळीसच्या आत हॉर्सपॉवर द्यायची. त्याच ७९६ सीसीला प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्हचं हेड आणि एमपीएफआय दिल्यावर अल्टोत ती पंचेचाळीसच्या आसपास गेली. कंपनीला एवढा खटाटोप करून सात-आठ मिळाली, तिथे नुसता सायलेन्सर किती देणार? आवाज मात्र भरपूर देतो.

खरी पॉवर बहुतेक वेळा हरवलेली असते. आपल्याकडच्या धुळीत एअर फिल्टर लवकर भरतो. प्लग, प्लग वायर, टॅपेट सेटिंग, घसरणारा क्लच, धरून राहणारे ब्रेक, टायरमधली कमी हवा, सगळं पाहून घ्या. त्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट. तिन्ही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. एकाचा बराच कमी आला तर मेकॅनिकला प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर रिंग गेल्यात, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट बघायचं. ही टेस्ट न करताच 'इंजिन खोलावं लागेल' म्हणणाऱ्याकडे गाडी न सोडलेली बरी.

सीएनजीवर ओढ कमी लागते, तो बिघाड नव्हे; गॅस सिलिंडरमधली हवेची जागा खातो. महाबळेश्वरसारख्या उंचीवर हवाच विरळ, म्हणून तिथेही दहा-बारा टक्के पॉवर जाते.

त्यापुढचं काम म्हणजे हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणं, कॅम बदलणं. हेड जास्त घासलं किंवा टायमिंग फार पुढे घेतलं की साध्या पेट्रोलवर इंजिन ठोके मारतं, पिस्टनला भोकही पडू शकतं. रेसचा कॅम वरच्या फेऱ्यांत जोर देतो आणि खालचा काढून घेतो. पाच माणसं घेऊन घाट चढताना नेमका खालचाच लागतो. टर्बो नसलेल्या गाडीत ईसीयू रिमॅपनेही फारसं हाती लागत नाही.

मोटार वाहन कायद्यानुसार परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीही अशा बदलावर बोट ठेवून क्लेम अडवू शकते. सीएनजी किट बसवलं असेल तर आरसी बुकावर त्याची नोंद आहे का, तेही एकदा पाहून ठेवा.