दांतांची शुभ्रता आणि तिची किंमत

दांत पांढरेशुभ्र असावेत ही आवड आज इतकी सर्वसाधारण झाली आहे कीं, ती मनुष्यस्वभावांतच असावी असें वाटतें. इतिहास मात्र तसें सांगत नाहीं. महाराष्ट्रांत एके काळीं सवाष्ण स्त्री दांतवण लावून दांत काळे करी, आणि त्यांतच शोभा मानली जाई. जपानांतही दरबारी मंडळी व विवाहित स्त्रिया लोखंडाच्या द्रावणानें दांत काळे करीत. १८७० मध्यें तेथील सरकारनें उमराव घराण्यांना ही चाल सोडण्यास सांगितलें, आणि १८७३ मध्यें खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दांतांनिशीं लोकांसमोर आली, तेव्हां कोठें ती मागें पडूं लागली.

युरोपांत मात्र शुभ्र दांतांचें वेड फार जुनें. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकांत कॅटलस या रोमन कवीनें एग्नेशियस नांवाच्या स्पेनकडील गृहस्थाची यथेच्छ टर उडविली आहे. प्रसंग न्यायालयाचा असो कीं चितेजवळचा, हा गृहस्थ सदा हसत असे. कारण त्याला आपले दांत दाखवावयाचे असत, आणि ते त्यानें मूत्रानें घासून चकचकीत केलेले असत. उपाय किळसवाणा खरा, परंतु अगदींच निराधार नव्हे. शिळ्या मूत्रांत अमोनिया असतो, आणि रोमन परीट कपड्यांचा मळ त्यानेंच काढीत.

पुढें मध्ययुगीन युरोपांत दांतांची सेवा न्हाव्यांकडे आली. कानशीनें दांत खरवडावे आणि वरून नत्राम्ल फिरवावें, ही त्यांची रीत. गिऱ्हाईक शुभ्र दांत घेऊन घरीं जाई. परंतु अम्लानें दांतावरील एनॅमलचें कठीण कवचच झिजलेलें असे. एनॅमल पुन्हां वाढत नाहीं. त्यामुळें कांहीं काळानें थंड पाणी सोसेनासें होई, आणि शेवटीं दांत किडून जात. १७२८ मध्यें पियेर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानें आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित करून भोंदू वैद्यांच्या अनेक क्लृप्त्या उघडकीस आणल्या, आणि दंतवैद्यकाला शास्त्राची बैठक दिली.

दांत न खरवडतां त्यांचा रंग उजळण्याचा मार्ग रसायनशास्त्रानें दाखविला. १८१८ मध्यें थेनार या फ्रेंच शास्त्रज्ञानें हायड्रोजन पेरॉक्साइड शोधून काढलें. १८८४ मध्यें अमेरिकेंतील हार्लन या दंतवैद्यानें तें दांतांसाठीं वापरलें, आणि १९१८ मध्यें ॲबट यानें त्यास प्रखर प्रकाश व उष्णता यांची जोड दिली. याच काळांत कोलोरॅडोमधील लोकांच्या दांतांवरचे तपकिरी डाग मॅके या दंतवैद्याला कोड्यांत टाकीत होते. ते पिण्याच्या पाण्यांतील जादा फ्लोराइडमुळें पडतात, हें १९३१ मध्यें उमगलें. १९३७ मध्यें मद्रास इलाख्यांतही हाच विकार असल्याचें संशोधकांनीं दाखविलें. महाराष्ट्रांतील यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांत कांहीं गांवांच्या विहिरींना हा दोष आहे. अशा दांतांवर उपचार करणें ही निव्वळ हौस नव्हे.

१९६८ च्या सुमारास आर्कान्सामधील क्लुस्मायर या दंतवैद्यानें एका रोग्याच्या हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून दांतांवरील साच्यांत दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचें जंतुनाशक घालून तें रात्रभर ठेवण्यास सांगितलें. हिरड्या सुधारल्या, आणि दांतही उजळले. १९८९ मध्यें हेवूड व हेमन यांनीं ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकांत मांडली, आणि तेथून तिचा जगभर प्रसार झाला.

प्रसाराबरोबर एक तक्रारही पसरली. दांत उजळून घेतल्यावर गार पाण्याचा घोट घेतांच कळ येते. कधीं कांहीं न खातांपितांही दांतांतून एकदम सणक निघते. याचें मूळ दांताच्या रचनेंत आहे. एनॅमलच्या खालीं डेंटीनचा थर असतो, आणि त्यांतून हजारों सूक्ष्म नलिका आंतल्या गराकडे जातात. सतराव्या शतकांत लेव्हेनहुक यानें त्या सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या होत्या. या नलिकांतील द्रव हालला कीं मज्जातंतु चाळवले जातात, अशी उपपत्ति १९०० मध्यें गीझी यानें सुचविली, आणि १९६० नंतरच्या दशकांत स्वीडनच्या ब्रेनस्ट्रोम यानें ती प्रयोगांनीं भक्कम केली. पेरॉक्साइडचा रेणु इतका लहान असतो कीं, अखंड एनॅमल व डेंटीन यांतूनही तो कांहीं मिनिटांत गरापर्यंत पोंचतो आणि तेथें दाह उत्पन्न करतो. म्हणून ज्याचे दांत अगदीं धडधाकट आहेत, त्यालाही कळ येऊं शकते.

सुदैवानें ही कळ बहुधा उपचार थांबविल्यावर थोड्या दिवसांत ओसरते. द्रव्य जितकें तीव्र, तितकी ती अधिक. आणि दिव्याच्या झोतानें परिणाम अधिक चांगला होतो असें सिद्ध झालेलें नाहीं, कळ मात्र वाढूं शकते. युरोपीय संघानें २०११ मध्यें असा नियम केला कीं, ०.१ ते ६ टक्क्यांपर्यंत पेरॉक्साइड असलेल्या द्रव्याचा प्रथम प्रयोग दंतवैद्याच्या देखरेखीखालींच व्हावा, आणि अठरा वर्षांखालील मुलांवर तें वापरूं नये.

कळेवरचा उताराही मोठा बोलका आहे. १९७४ मध्यें होडोश या अमेरिकन दंतवैद्यानें पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपला सोरा, दांतांची कळ शमवितो असें प्रसिद्ध केलें. मज्जातंतूंची उत्तेजना त्यानें मंदावते, असें मानतात. ज्या नत्राम्लानें न्हाव्यांनीं दांत नासविले, तें याच सोऱ्यापासून काढीत असत, आणि बिहारांतील सोरा एके काळीं जहाजें भरभरून युरोपांत जात असे. द्रव्य एकच, तें कोणी, कोणत्या ज्ञानानें हाताळलें, एवढाच फरक. म्हणून दांत उजळून घेण्यापूर्वी किडलेला दांत, तडा गेलेलें एनॅमल, मागें सरकलेल्या हिरड्या यांची तपासणी व्हावी. कळ आलीच तर मधले दिवस सोडावेत, आणि ती थांबली नाहीं तर दंतवैद्याला दाखवावें. दांतांचा नैसर्गिक रंग मुळांतच किंचित् पिवळसर असतो, आणि तो निरोगी दांताचाच रंग आहे.