बृहदांत्राचे रोगमानचित्रण

मोठ्या आतड्यातील विकृती नेमक्या कोणत्या जागी उद्भवतात, कोठे दाट व कोठे विरळ असतात आणि परस्परांपासून किती अंतरावर आढळतात, याची भौगोलिक माहितीप्रणालीच्या, म्हणजे नकाशे रचणाऱ्या संगणकप्रणालीच्या साह्याने केलेली नोंद व तिचे विवेचन, असा या विषयाचा संकुचित अर्थ होय. व्यापक अर्थाने त्याच विकारांचे रुग्ण गावाच्या किंवा शहराच्या कोणत्या भागात राहतात याचे मानचित्रणही त्यात समाविष्ट होते. पहिल्या अर्थी नकाशाची भूमी म्हणजे रुग्णाचे आतडे, दुसऱ्या अर्थी रुग्णाचा मोहल्ला; तथापि दोन्हींकडील गणित जवळजवळ एकच असल्याने आणि दोन्हींकडील अडचणीही एकाच जातीच्या असल्याने त्यांचा विचार एकत्र करणे सोयीचे ठरते. दुसऱ्या प्रकाराच्या विवेचनासाठी येथे सुरत शहराचे उदाहरण घेतले आहे.

लंडनमधील सोहो भागात १८५४ साली पटकीची साथ आली असता जॉन स्नो याने मृतांची घरे नकाशावर मांडून एका सार्वजनिक पंपाकडे बोट दाखविले, हा वृत्तांत सर्वश्रुत आहे. संगणकावर नकाशा रचण्याची पद्धत मात्र १९६० नंतरच्या दशकात रॉजर टॉमलिन्सन याने कॅनडातील जमिनीच्या मोजणीसाठी सिद्ध केली. ती मानवी देहाला लावण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या स्प्रिंगफील्ड येथील बेस्टेट वैद्यकीय केंद्रातून २००७ साली प्रसिद्ध झाला. गुदमार्गे सूक्ष्मदुर्बीण घालून काढलेल्या गुदाशयातील गाठींची स्थाने तेथील संशोधकांनी द्विमित व त्रिमित नकाशांवर मांडली आणि गाठीचे स्थान व शस्त्रक्रियेचे अपयश यांत अर्थपूर्ण संबंध असल्याचे दाखविले. जमिनीच्या मोजणीकरिता घडविलेले साधन वीतभर लांबीच्या अवयवाला उपयोगी पडू शकते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

गुदाशयापुढे मात्र काम अवघड होते, कारण नकाशाला प्रथम अक्षांश-रेखांश हवेत आणि आतड्याला ते निसर्गतः नाहीत. सुमारे दीड मीटर लांबीचे हे इंद्रिय अंधनालापासून, म्हणजे आपल्या आरंभीच्या टोकापासून, वर चढते, यकृताखाली वळून आडवे जाते, प्लीहेपाशी पुन्हा वळून खाली उतरते आणि नागमोडी सिग्मॉइड भागातून गुदाशयास मिळते. पैकी आडवा व सिग्मॉइड हे दोन भाग पोटात सैल लोंबकळत असल्याने त्यांची जागा रुग्णाच्या कुशीबरोबर बदलते. तपासणीच्या वेळी डॉक्टर गुदद्वारापासूनचे अंतर दुर्बिणीच्या नळीवरील खुणांवरून सांगतात, परंतु नळी आत सरकत असता आतडे कधी ताणले जाते, तर कधी बाही दंडावर सरकवावी तसे तिच्यावर गोळा होते. परिणामी दीड मीटर लांबीच्या या मार्गाचे शेवटचे टोक, नळी सरळ झाल्यावर, सत्तर-ऐंशी सेंटिमीटरवरच लागते. ‘चाळीस सेंटिमीटरवर व्रण’ ही कैफियत म्हणूनच ऐकावयास नेमकी आणि वस्तुतः मोघम असते. आंत्रपुच्छाचे मुख, लहान व मोठ्या आतड्यामधील झडप आणि यकृत व प्लीहा यांजवळची दोन वळणे या स्थिर खुणांचा आधार घेऊन, त्यांच्या दरम्यानचे अंतर प्रमाणात वाटून देणे, हा त्यावरील त्यातल्या त्यात विश्वसनीय तोडगा होय. परिघावरील स्थान घड्याळाच्या तासांवरून सांगतात. सी. टी. प्रतिमांवरून आतड्याची आतील बाजू संगणकावर पाहण्याची पद्धत १९९४ मध्ये पुढे आली, आणि पुढे ही नळी उभी चिरून सपाट पसरल्याप्रमाणे दाखविणेही शक्य झाले. परंतु गोलाकार पृथ्वी कागदावर आणताना नकाशाकार मर्केटरला आकाराच्या ज्या विकृतीशी तडजोड करावी लागली, तीच येथेही करावी लागते.

एवढा खटाटोप करावयाचा तो रोगांना जागेची आवड असते म्हणून. व्रणीय बृहदांत्रशोथ गुदाशयापासून आरंभ करून खंड न पडता वर सरकतो. १९३२ साली वर्णिलेला क्रोनचा विकार मध्ये निरोगी पट्टे सोडून उड्या मारीत जातो. क्षय झडपेच्या परिसरात ठाण मांडतो. आणि आमांशास कारण होणारा अमीबा बहुधा अंधनाल व चढत्या भागात व्रण करतो. भारतात क्षय आणि क्रोनचा विकार परस्परांचे सोंग सहज घेत असल्याने या भौगोलिक सवयींना निदानात विशेष मोल आहे.

आता शहराकडे वळू. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसी प्लेगचा उद्रेक झाला. त्याआधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. सुरतेतून लक्षावधी लोक काही दिवसांत पळाले. हा रोग आतड्याचा नव्हे. तरी या विषयाच्या इतिहासात त्याला स्थान द्यावे लागते, ते पुढे घडलेल्या दफ्तरी सुधारणेमुळे. मे १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेले एस. आर. राव यांनी शहराचे सहा विभाग पाडून प्रत्येकास जबाबदार अधिकारी नेमला, अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरविले आणि सरकारी व खासगी दवाखान्यांतील रुग्णांची वर्दी नियमितपणे महापालिकेकडे येईल अशी तजवीज केली. हिवताप, कावीळ, जुलाब-उलट्या यांचे रुग्ण कोणत्या भागात वाढले हे त्या नोंदवह्यांतून कळू लागले. संगणकीय नकाशे नंतर आले. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्रमच महत्त्वाचा आहे: ज्या शहरात वर्दी रोज येत नाही, तेथे सर्वांत महागडी नकाशाप्रणालीही केवळ रंगीत कागद निर्माण करते.

सुरतेत या नोंदीची खरी कसोटी लागते ती लिंबायत, उधना यांसारख्या भागांत. तापीच्या वरच्या अंगाकडून, म्हणजे खानदेशातून, आलेली मराठी कुटुंबे येथे मोठ्या संख्येने वसली आहेत.  अशा वस्तीतील यंत्रमागावरील मजूर भाड्याची खोली वारंवार बदलतो. केसपेपरावर कधी मालकाचा, कधी गावाकडचा पत्ता लिहिला जातो, आणि धुळे-जळगावकडे उपचारास गेलेला रुग्ण सुरतेच्या नकाशातून निसटतो. जुलाबासारख्या आठवडाभराच्या विकारात ही उणीव खपून जाते, कारण दूषित जलवाहिनी आजच्या पत्त्यापाशीच असते. कर्करोगाचे तसे नाही. त्याचे कारण, असलेच तर, दहा-वीस वर्षांपूर्वीच्या वस्तीत शोधावे लागते.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण भारतात अद्याप अल्प, म्हणजे वर्षाला लाख लोकसंख्येमागे पाचच्या आसपास आहे. जगाची सरासरी त्याच्या तिपटीहून अधिक भरते. अल्प संख्येचे नकाशे फसवे असतात: एखाद्या प्रभागात दोन रुग्ण वाढले की तो लाल दिसू लागतो. शिवाय जेथे दुर्बिणीने तपासणी करणारे दवाखाने जवळ, तेथे रोग अधिक ‘सापडतो’. यावर उपाय लोकसंख्याधिष्ठित नोंदणीचा. मुंबईत ती १९६३ साली सुरू झाली, सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली, आणि २००१-०२ च्या माहितीवरून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पॅथॉलॉजी प्रयोगशाळांच्या नोंदी एकत्र करून जिल्हावार कर्करोग-नकाशासंग्रह सिद्ध केला. जिल्ह्याहून लहान घटक घेतला तर आकडे डळमळतात; मोठा घेतला तर लिंबायत आणि सुरतेचाच सुखवस्तू अठवा भाग यांतील अंतर पुसले जाते.

हद्दीचा प्रश्न याहून नाजूक आहे. सुरत महापालिकेचे क्षेत्र २००६ मध्ये सुमारे ११२ चौरस किलोमीटरांवरून ३२६ वर गेले आणि २०२० मध्ये पुन्हा वाढून ४६० च्या वर पोहोचले. म्हणून त्या वर्षांच्या अलीकडचे व पलीकडचे दर जुन्या सीमेत बसवून घेतल्याखेरीज एकमेकांशी ताडता येत नाहीत. आतड्यातही हद्दीचा असाच पेच आहे. त्याचे उजवा व डावा हे भाग भ्रूणावस्थेत निरनिराळ्या मुळांपासून घडतात. दोहोंकडील कर्करोगांचे वर्तन भिन्न असते, आणि आडव्या भागाचा सुमारे दोन-तृतीयांश उजवीकडे मोडतो. परंतु काही संशोधक संपूर्ण आडवा भाग उजवीकडे धरतात, तर काही तो गणनेतूनच वगळतात. त्यामुळे दोन अभ्यासांतील ‘उजवीकडील’ रुग्णांचे आकडे शेजारी मांडण्यापूर्वी प्रत्येकाने हद्द कोठे आखली होती, हे तपासून घ्यावे लागते.