भाजल्यानंतरची पहिली २० मिनिटे

विस्तवाने किंवा तापलेल्या तव्याने होते ते भाजणे आणि उकळते पाणी, वाफ वा तेलाने होते ते पोळणे, असा भेद मराठीत केला जातो. वैद्यकशास्त्र मात्र दोहोंची श्रेणी जखम किती खोल गेली यावरून ठरविते.

पहिल्या श्रेणीत केवळ बाह्यत्वचा लाल होते. दुसऱ्या श्रेणीत उष्णता आतल्या त्वचेपर्यंत पोहोचते, द्रव साचून फोड येतात, जखम ओलसर व लालबुंद दिसते आणि वेदना असह्य होतात. या वेदना एका अर्थी सुचिन्हच म्हणावयाच्या. त्वचेतील मज्जातंतू शाबूत असल्याची ती खूण असते. याउलट जखम पांढुरकी दिसून फारशी दुखत नसेल, तर ती अधिक खोल गेलेली असण्याची शक्यता असते. ‘दुखत नाही, म्हणजे किरकोळ आहे’ हा समज त्यामुळे घातक ठरतो.

भाजल्यावर पहिला उपचार म्हणजे पाणी. जखमेवर नळाच्या वाहत्या, थंड पाण्याची धार २० मिनिटे धरावी. आच विझली तरी त्वचेत शिरलेली उष्णता आत काम करीतच असते. ती काढून घेणे हा यामागील हेतू. अपघातानंतर तीन तासांपर्यंत या उपायाचा लाभ होतो. उन्हाळ्यात गच्चीवरील टाकीचे पाणीच कढत येते, तेव्हा माठातील पाणी तांब्याने ओतत राहावे. बर्फ मात्र लावू नये. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि इजा वाढते. लहान मुलाचे बरेच अंग पोळले असेल, तर उरलेले शरीर पांघरुणाने उबदार ठेवावे.

बांगड्या, अंगठी, घड्याळ तत्काळ काढावे; सूज चढल्यावर ते निघत नाहीत आणि बोटाचा रक्तपुरवठा अडतो. त्वचेला चिकटलेले कापड ओढू नये. नंतर जखम स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडाने सैलसर झाकावी. फोड फोडू नयेत. त्यावरील पातळ पापुद्रा जंतुसंसर्ग रोखतो.

टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, कॉफीची पूड यांचा लेप घरोघरी आजही लावला जातो. त्याने जखमेची खोली डॉक्टरांना दिसत नाही आणि तो खरवडून काढताना रुग्णाचे हाल होतात ते वेगळेच. बटाट्याचा उल्लेख या संदर्भात हमखास होतो. मुंबईतील डॉ. एम. एच. केसवानी यांनी १९८५मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्यांविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला होता, हे खरे. परंतु त्या पट्ट्या निर्जंतुक करून रुग्णालयात बांधल्या जात. ओट्यावरचा कच्चा बटाटा किसून लावणे म्हणजे ते नव्हे.

रुग्णालयात केव्हा जावे? रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसह, म्हणजे त्याच्या शरीराचा सुमारे एक टक्का भाग. फोडांची जखम त्याहून मोठी असल्यास डॉक्टरांना दाखवावी. चेहरा, हात, पाय, सांधे वा जननेंद्रियाजवळची जखम, वीज किंवा रसायनाने झालेली इजा, धूर छातीत जाणे, तसेच रुग्ण बालक, वृद्ध वा गर्भवती असणे, यांपैकी काहीही असेल तर आकाराचा विचार न करता रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मोठ्या जखमांतून शरीरातील द्रव झपाट्याने झिरपतो आणि शिरेवाटे सलाइन देणे निकडीचे होते. धनुर्वाताच्या लशीची चौकशीही तेथेच करावी.

दुसऱ्या श्रेणीची उथळ जखम साधारण दोन आठवड्यांत भरते. खोल जखमेला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागतो, व्रण राहतो, कधी त्वचारोपणही करावे लागते. मधल्या काळात ताप येणे, जखमेला दुर्गंधी वा पू येणे, भोवतालची लाली पसरणे ही संसर्गाची लक्षणे होत. बोटांच्या वा कोपराच्या सांध्यावर जखम असल्यास दुखते म्हणून हात आखडून ठेवला जातो आणि भरताना त्वचा तशीच आकसते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हालचालीचे व्यायाम लवकर सुरू करावेत. भरलेल्या नव्या त्वचेला कित्येक महिने उन्हापासून जपावे लागते.