बंदी उठली की गुन्हे घटतात का?



गांजासारख्या नशेच्या वस्तूंवरची बंदी उठवावी, सरकारने परवाने देऊन त्या उघड विकू द्याव्यात, म्हणजे चोरटा धंदा बसेल आणि गुन्हे कमी होतील, असं म्हणणारी माणसं जगात बरीच आहेत. उरुग्वे आणि कॅनडा या देशांनी गांजाच्या बाबतीत तसे कायदेही केले. दुसऱ्या बाजूची माणसं म्हणतात, दार उघडलं की नशा घरोघरी शिरेल आणि गुन्हे वाढतील.

हा वाद दूरच्या देशांचा वाटतो. पण आपल्या महाराष्ट्राने हा प्रयोग करून पाहिला आहे. गांजाचा नाही, दारूचा. इथे आधी परवान्याची दारू होती, मग पूर्ण बंदी आली, मग मोकळीक आली, मग काही जिल्ह्यांत पुन्हा बंदी आली, आणि त्यातल्या एका जिल्ह्यात ती पुन्हा उठली. हा इतिहास नीट पाहिला तर वरच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला इथेच सापडतं.

सुरुवात इंग्रजांच्या काळापासून करू. त्याआधी गावोगावी, विशेषतः आदिवासी भागात, लोक मोहाची दारू घरीच गाळत. सणाला, लग्नाला, देवाला ती लागे. माडी, ताडी झाडावरून उतरत असे. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. दारू गाळायचा आणि विकायचा हक्क परवान्यावर आणि ठेक्यावर गेला. सरकारला महसूल हवा होता. मग १८९२ साली मोहाच्या फुलांबद्दलच वेगळा कायदा झाला आणि ठाणे, कुलाबा या भागांत मोह वेचून साठवण्यावर बंधनं आली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. दारू तेव्हा बंद नव्हती. ठेकेदाराच्या गुत्त्यात ती राजरोस मिळत होती. पण जी बाई कालपर्यंत रानात मोह वेचत होती, ती आता सरकारच्या नजरेत गुन्हेगार ठरली. तिच्याच अंगणातली वस्तू तिने ठेकेदाराकडून पैसे देऊन घ्यायची, असा तो न्याय. म्हणजे एखादी वस्तू कायदेशीर आहे असं कुणी म्हणालं, की आपण लगेच विचारायचं: कुणासाठी कायदेशीर?

या गुत्त्यांनी माणसं कर्जात बुडाली. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० साली त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. पुढे १९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून एक लाट उठली आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासींत पसरली. देवी अंगात येते आणि दारू-ताडी सोडा म्हणून सांगते, असं लोक मानू लागले. गावंच्या गावं दारू सोडून बसली. ठेकेदारांचे धंदे बुडू लागले. सरकारचा कुठलाही हुकूम नसताना हे घडलं, म्हणून ते लक्षात ठेवण्यासारखं आहे.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात लिहिलं गेलं की सरकारने नशाबंदीसाठी प्रयत्न करावा. मुंबई राज्याने त्याआधीच, १९४९ साली, दारूबंदी कायदा केला होता. १९५० पासून राज्यभर पूर्ण बंदी लागू झाली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. हेतू चांगला होता. मजुराचा पगार घरी पोचावा, बायका-मुलांच्या ताटात अन्न पडावं, हा.

मग काय झालं? गुत्ते बंद झाले, पण पिणारे सगळे थांबले नाहीत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत, खाडीच्या काठाने, खारफुटीच्या आडोशाला हातभट्ट्या पेटल्या. गूळ आणि नवसागर घालून सडवा लावायचा, गाळायचा आणि रबरी ट्यूबांत भरून माल हलवायचा. घराच्या मागच्या खोलीत ग्लासावर दारू विकणारे अड्डे निघाले. कित्येक अड्डे बायकाच चालवत, कारण घर चालवायला दुसरा धंदा नव्हता. पोलिसांना हप्ता सुरू झाला. वरदराजन मुदलियारसारखा माणूस हातभट्टीच्या पैशावर मोठा झाला आणि मुंबईच्या गुन्हेगारीत त्याचं नाव गाजलं. शिवाय ज्यांच्याकडे पैसा आणि ओळख होती त्यांना डॉक्टरच्या दाखल्यावर पिण्याचा परवाना मिळे. तुरुंगात जायचा तो गरीब.

अखेर सरकारने १९६० च्या दशकात परवाने सैल केले. १९७३ साली देशी दारूचे नियम आले आणि परवान्याची देशी दारू दुकानात मिळू लागली. गंमत अशी की १९४९ चा कायदा अजून रद्द झालेला नाही. कागदावर आजही महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. हॉटेलावर ‘परमिट रूम’ अशी पाटी दिसते ना, तो शब्द त्या परवान्यातूनच आला आहे.

आता मूळ प्रश्न. मोकळीक दिल्यावर गुन्हे घटले का?

काही घटले. ज्याला दुकानात सीलबंद बाटली परवडते, तो खाडीकाठच्या भट्टीवर कशाला जाईल? केवळ प्यायला म्हणून पकडून नेण्याचं प्रमाण उतरलं. हा फायदा खरा आहे आणि तो मान्य करायला हवा.

पण दोन गोष्टी घटल्या नाहीत.

पहिली, हातभट्टी. दुकानातल्या बाटलीवर कर असतो, त्यामुळे ती महाग. ज्याच्या खिशात तेवढे पैसे नाहीत तो स्वस्त मालाकडेच वळतो. २००४ साली मुंबईत विक्रोळीला विषारी दारूने ऐंशीहून अधिक माणसं दगावली. २०१५ साली मालवणीला शंभराहून अधिक गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं, कारखान्यात वापरायचं विषारी रसायन. दोन्ही वेळी मुंबईत परवान्याची दुकानं उघडी होती. बंदी असलेल्या गुजरातमध्ये २००९ साली अहमदाबादला अशीच शंभराहून अधिक माणसं मेली. म्हणजे विषारी दारू बंदीतही मारते आणि मोकळिकीतही मारते. जिथे गरिबाला स्वस्त नशा हवी असते आणि तपासणारा डोळे मिटून घेतो, तिथे ती पोचते.

टोळ्यांचंही तसंच. मुंबईच्या दुसऱ्या टोळ्या सोन्याच्या तस्करीवर पोसल्या होत्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सोन्यावरची बंधनं सैल झाली आणि त्या तस्करीतला नफा आटला. टोळ्यांनी दुकान बंद केलं का? नाही. खंडणी, जागा-जमिनी, दुसरा माल, असे त्यांनी धंदे बदलले. एक वस्तू कायदेशीर झाली की तिच्यातली गुंडगिरी कमी होते. गुंड मात्र तेवढ्याने सरळ होत नाही.

दुसरी न घटलेली गोष्ट तुम्हाला कुणी सांगायची गरज नाही. ती घरात घडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या बायकांना विचारलं गेलं. ज्यांचे नवरे वारंवार झिंगतात, अशा दहांपैकी सुमारे सात बायकांनी मारहाण किंवा जबरदस्ती सोसली होती. ज्यांचे नवरे पीतच नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण दहांत दोन-तीन. न पिणाराही मारतो, हे यात दिसतं, म्हणून सगळा दोष बाटलीवर ढकलून पुरुषाला मोकळं सोडता येत नाही. पण फरक किती मोठा आहे, तेही दिसतं. मारणाऱ्याने दारू परवान्याच्या दुकानातून आणली की भट्टीवरून, याने पाठीवरच्या वळांत काही फरक पडत नाही. आणि हे गुन्हे पोलिसांच्या वहीत क्वचितच चढतात. म्हणून ‘गुन्हे घटले’ असं कुणी आकडे दाखवून सांगितलं, तर या मारहाणीची नोंद त्यात आहे का, हे विचारायला हवं.

आता जिल्ह्यांकडे वळू. वर्ध्यात गांधीजी आणि विनोबांचा जिल्हा म्हणून १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत लोकांनी, त्यातही बायकांनी, कित्येक वर्षं आंदोलन केलं आणि १९९३ साली बंदी आली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग त्या चळवळीत होते. शेजारच्या चंद्रपूरच्या बायका २०१० साली चिमूरहून चालत नागपूरला विधानभवनावर गेल्या. २०१५ च्या १ एप्रिलला तिथेही बंदी लागू झाली. सहा वर्षांनी, २०२१ साली, सरकारने ती उठवली. चोरटी विक्री आणि गुन्हे वाढले, त्या धंद्यात बायका आणि मुलंही ओढली गेली, अशी कारणं सरकारने दिली. बंदीच्या बाजूचे लोक म्हणाले, अंमलबजावणी ढिली होती तर ती घट्ट करा, कायदा कशाला उठवता?

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. बंदीचा कागद आला आणि गावात जागं कुणी राहिलं नाही, तर दुकान जातं आणि विक्री मोटारसायकलवर येते. गडचिरोलीत म्हणूनच २०१६ पासून मुक्तिपथ अभियानात गावाची संघटना उभी करणं आणि व्यसनी माणसावर तालुक्याला उपचार करणं, ही दोन कामं बंदीच्या जोडीला घेतली गेली. पिणाऱ्याचं व्यसन सुटलं तर भट्टीवाल्याचं गिऱ्हाईक तुटतं. हे काम सावकाश होतं आणि त्याची बातमी होत नाही, पण बंदी टिकते ती याच कामावर.

गांजाची गोष्टही आपल्याकडे नवी नाही. इंग्रज सरकारने १८९३ साली त्याबद्दल एक आयोग नेमला होता. पूर्ण बंदीची गरज नाही, परवाना आणि कर पुरेत, असं त्याने सांगितलं. तेव्हा अहमदनगर जिल्ह्यात गांजाची शेती होत असे. पुढे १९८५ साली देशभरासाठी अंमली पदार्थांचा कडक कायदा आला आणि गांजा पिकवणं, विकणं, बाळगणं गुन्हा झाला. भांगेची नुसती पानं मात्र त्यातून वगळली. उद्या हा कायदा सैल करायचं कुणी ठरवलं, तर दारूच्या इतिहासाने आपल्याला तोलायचं माप दिलेलं आहे.

ते माप असं. जो गुन्हा बंदीतून जन्मतो, म्हणजे चोरटी विक्री, हप्ता, पिणाऱ्याची धरपकड, तो बंदी उठल्यावर घटतो. जो गुन्हा नशेतून जन्मतो, म्हणजे मारहाण, भांडण, मजुरी उडवणं, बेफाम गाडी हाकणं, तो नशा घटली तरच घटतो. आणि उघड्या विक्रीत सरकारला कर मिळू लागला की नशा घटवण्याची घाई सरकारला राहत नाही. अबकारीच्या काळापासून आपण हेच पाहत आलो आहोत.

म्हणून गटाच्या बैठकीत ‘बंदी हवी की नको’ यावर हात वर करण्याआधी एवढं बोला: आपल्या गावात नेमका त्रास कसला आहे?

परवान्याच्या दुकानाचा असेल, तर ‘आडवी बाटली’चा रस्ता आहे. गावातल्या २५ टक्के बायकांनी किंवा मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं, तर सरकारला मतदान घ्यावं लागतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद होतं. ही मोजणी गावातल्या एकूण महिला मतदारांवर होते. घरी बसलेल्या बाईचं मत आपोआप दुकानदाराच्या बाजूला पडतं, हे विसरू नका.

त्रास चोरट्या भट्टीचा असेल, तर ग्रामसभेचा ठराव करून पोलीस आणि राज्य उत्पादन शुल्क खातं या दोघांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. एकटीने जाऊ नका, गटाने जा. भट्टी एखादी गरीब बाई चालवत असेल, तर तिच्या पोटाचं काय, हेही त्याच बैठकीत ठरवा. नाहीतर भट्टी आठ दिवसांत पुन्हा पेटेल.

आणि त्रास घरातल्या मारहाणीचा असेल, तर दुकान बंद व्हायची वाट पाहायची नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, तालुक्याला संरक्षण अधिकारी आहेत, १८१ हा महिलांचा मदतीचा नंबर आहे. नवरा प्यालेला होता ही सबब तिथे चालत नाही.

दारूचे कायदे आजवर कधी महसुलासाठी झाले, कधी सुधारणेसाठी झाले. त्यांचे परिणाम दर वेळी बायकांनी भोगले. पुढचा कायदा दारूचा असो की गांजाचा, तो ठरताना त्या अनुभवाची साक्ष द्यायला आपण हजर असलं पाहिजे.