अडकलेली सुई

ग्रामोफोनची सुई एकाच जागीं अडकून गायिकेचा एकच शब्द पुनः पुनः ऐकूं येऊं लागला, कीं आमच्या लहानपणीं घरांतलें कोणी तरी धांवत जाऊन तिला हलका धक्का देई. हा दोष होय, याविषयीं कोणालाच शंका नसे. फ्रेंच नभोवाणींतील अभियंते पिएर शेफेर यांनीं मात्र 1948 सालीं पॅरिस येथें हाच दोष बुद्ध्या घडवून आणला.

तबकडीवरील रेघ सर्पिल असते. म्हणून सुई कांठाकडून मध्याकडे सरकत जाते. शेफेर यांनीं ती रेघ वर्तुळांत मिटवून टाकली. मिनिटास 78 फेरे घेणाऱ्या तबकडीवर असें एक आवर्तन पाऊण सेकंदाहून किंचित् मोठें होतें. बातिन्योल स्टेशनावर टिपलेले इंजिनांचे फूत्कार, शिट्या व खडखडाट यांचे तुकडे जुळवून त्यांनीं सुमारें तीन मिनिटांची रचना सिद्ध केली, आणि 5 ऑक्टोबर 1948 रोजीं ती नभोवाणीवरून ऐकविली गेली. यांत संगीत तें कोणतें? मला वाटतें, गाडीचा आवाज एकदां ऐकला म्हणजे गाडी डोळ्यांपुढें येते; तोच दहादां ऐकला म्हणजे गाडी नाहींशी होऊन लय तेवढी उरते. आवर्तन आपल्या तबलजीलाही नवें नाहीं. परंतु तो प्रत्येक आवर्तन नव्यानें वाजवितो, आणि हें गोठविलेलें असतें. त्यांत जीव ओतावयाचा तो कापणाऱ्यानें. शेफेर यांनीं घंटेच्या नादांतील पहिला आघात छाटला, तों उरलेला नाद ओबो या सुषिर वाद्यासारखा भासूं लागला!

पुढें ध्वनिफीत आली. 1965 सालीं अमेरिकेंतील स्टीव्ह राइश यांनीं एका रस्त्यावरील धर्मोपदेशकाचे तेच शब्द दोन फितींवर एकदम सुरू केले; त्या हळूहळू पुढेंमागें होत गेल्या, आणि त्या अंतरांतूनच त्यांची रचना उभी राहिली.

परंतु मला आज विशेष सांगावयाचें आहे तें ग्रेगरी कोलमन यांच्याविषयीं. विन्स्टन्स या अमेरिकन वाद्यवृंदाच्या 1969 सालच्या ‘आमेन, ब्रदर’ या तबकडींत इतर वाद्यें क्षणभर थांबतात व कोलमन एकटेच ड्रम वाजवितात. हा तुकडा अवघा सहा-सात सेकंदांचा. 1980 नंतरच्या दशकांत ध्वनीचे नमुने साठविणारीं सॅम्पलर यंत्रें कलावंतांच्या हातीं आलीं, आणि हा तुकडा शेंकडों गीतांत फिरूं लागला. 1990 नंतर लंडनच्या तरुणांनीं त्याचा प्रत्येक ठोका सुटा केला, क्रम उलटापालटा केला, गति वाढविली. ‘जंगल’ नांवाचा संगीतप्रकार बहुतांशीं त्यावरच उभा राहिला.

दुसऱ्याच्या वहींतील ओळ उतरणाऱ्या मुलास आम्ही शिक्षक छडी दाखवीत असूं. येथें ओळीचीं अक्षरें सुटीं करून नवा शब्द घडविलेला आहे, हें मी मान्य करतों. पण ज्याची वही, त्याचें नांव तरी घ्यावयास नको होतें काय? कोलमन यांना या उपयोगाबद्दल कांहींच मिळालें नाहीं. ते 2006 सालीं अटलांटा शहरीं वारले, तेव्हां त्यांना घरही नव्हतें. वृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठीं 2015 सालीं रसिकांनीं वर्गणी काढली. तींत सुमारें 24,000 पौंड जमले. कोलमन यांना जाऊन तेव्हां नऊ वर्षें झालीं होतीं.