पेन कोव्हची पिल्लं

८ ऑगस्ट १९७०. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, सिॲटलच्या उत्तरेला, व्हिडबी बेटाला लागून पेन कोव्ह नावाची एक छोटी खाडी आहे. त्या दिवशी स्पीडबोटी, विमान आणि पाण्यात फुटणारे बाँब वापरून ८० च्या आसपास ओर्का या खाडीत हाकलत आणले गेले. मग जाळी टाकून पिल्लांना आयांपासून वेगळं केलं. मोठे कोणाला नकोच होते, ते न्यायला जड. सात ओर्का विकले गेले. काही पिल्लं जाळ्यात गुरफटून बुडाली. बोभाटा होऊ नये म्हणून त्यांची पोटं फाडून आत दगड भरले आणि त्यांना तळाशी बुडवलं. काही महिन्यांनी त्यातली तीन शवं वर आलीच.

हे सगळं त्या वेळी कायदेशीर होतं.

ओर्काला आपण ‘किलर व्हेल’ म्हणून ओळखतो. नावात व्हेल असला तरी कुळ डॉल्फिनचं. साठच्या दशकापर्यंत तिथल्या मच्छीमारांच्या लेखी तो सॅमन पळवणारा चोर होता. दिसला की गोळी घालायची. १९६१ मध्ये कॅनडाच्या सरकारनं तर ओर्कांसाठी किनाऱ्यावर चक्क मशीनगन बसवली होती. ती कधी चालवली गेली नाही, एवढंच.

मग १९६४ साली व्हँकूव्हर मत्स्यालयाला ओर्काचा पुतळा हवा होता. नमुन्यासाठी एक ओर्का मारून आणायला शिल्पकारालाच पाठवलं. हार्पून लागला, पण तो मेला नाही. ‘मोबी डॉल’ नावानं तो तीनेक महिने जगला आणि त्याला पाहायला लोक लोटले. माणसाचा फडशा पाडणारं म्हणून बदनाम असलेलं जनावर शांतपणे हातातून मासे खात होतं! पुढच्याच वर्षी टेड ग्रिफिननं मच्छीमारांच्या जाळ्यात सापडलेला ‘नामू’ ८,००० डॉलरला घेतला आणि सिॲटलला आणून तिकीट लावलं. वर्षभरात नामू मेला. पण धंदा कळला होता. भीती गेली, त्या जागी मागणी आली, आणि ओर्कांना भीतीपेक्षा ही मागणीच महागात पडली.

पकडणाऱ्यांचा हिशोब साधा होता: समुद्रात हजारो आहेत, चार नेले तर काय बिघडलं? कोणी मोजलेच नव्हते. कॅनडाचे शास्त्रज्ञ मायकेल बिग यांनी १९७१ मध्ये पहिली गणना केली. दीपगृहांवरचे लोक, मच्छीमार, नावाडी अशा हजारो जणांना प्रश्नावल्या पाठवून एकाच दिवशी दिसतील तेवढे ओर्का नोंदवायला सांगितले. आकडा काही शेकड्यांच्या वर जाईना. पुढे पाठीवरच्या पराच्या खाचा आणि त्यामागचा करडा डाग पाहून बिग एकेक ओर्का ओळखू लागले. तेव्हा लक्षात आलं, की इथं वेगवेगळे समाज राहतात. ज्यांची पिल्लं सर्वांत जास्त नेली, तो ‘सदर्न रेसिडेंट’ हा समाज जेमतेम ७० वर आला होता. त्यातले ४० हून अधिक या धंद्यात गेले होते.

१९७६ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या गव्हर्नरांचे सहायक राल्फ मुन्रो नौकेतून फिरत असताना त्यांच्या डोळ्यांदेखत अशी एक धरपकड झाली. राज्यानं सीवर्ल्डला कोर्टात खेचलं आणि तिथली शिकार थांबली.

गोष्ट इथं संपायला हवी होती. १९९५ मध्ये संख्या ९८ झालीही. पण नंतर ती घसरली, २००५ मध्ये अमेरिकेनं या समाजाला अस्तंगत होऊ घातलेल्यांच्या यादीत टाकलं, आणि आज आकडा पुन्हा सत्तरीतच आहे. पन्नास वर्षांच्या संरक्षणानंतर आपण जिथल्या तिथं!

असं का? हे ओर्का प्रामुख्यानं चिनूक सॅमनवर जगतात आणि नद्यांवरच्या धरणांनी त्याची वाट अडवली. सिॲटल आणि व्हँकूव्हरकडे जाणाऱ्या जहाजांच्या गोंगाटात आवाजाच्या प्रतिध्वनीवरून मासा शोधणं अवघड झालं. बंदी येऊनही पीसीबीसारखी विषं त्यांच्या चरबीत साठलेलीच आहेत. उपाशी ओर्काची चरबी वितळते, विष रक्तात उतरतं आणि आईच्या दुधातून पिल्लाला मिळतं. म्हणजे भूक आणि विष ही दोन वेगळी संकटं नाहीतच.

त्यात जुनी चोरी. इथं मुलं आयुष्यभर आईजवळ राहतात, आणि सॅमन कमी असतो तेव्हा म्हाताऱ्या माद्या कळपाची वाट दाखवतात. सत्तरच्या दशकात नेलेली पिल्लं आज आज्या झाली असती. समाज इतका लहान उरलाय, की जवळच्या नात्यांतली संतती वाढली आहे आणि अशी संतती कमी जगते, असं २०२३ च्या एका जनुकीय अभ्यासात दिसलं.

२०१८ मध्ये ताहलेक्वा नावाची मादी मेलेलं पिल्लू डोक्यावर घेऊन १७ दिवस पोहत राहिली. जगानं ते फोनवर पाहिलं. २०२५ च्या सुरुवातीला तिनं आणखी एक मेलेलं पिल्लू असंच वाहिलं.

पेन कोव्हमधून विकलेल्यांपैकी एक टोकिटे. मायामीच्या टाकीत तिला ‘लोलिटा’ म्हणत. तिला आपली नातेवाईक मानणारे लम्मी आदिवासी तिला परत आणा म्हणून वर्षानुवर्षं लढले. अखेर मार्च २०२३ मध्ये तिला घरी नेण्याची घोषणा झाली. त्याच ऑगस्टमध्ये ती टाकीतच मेली. घरी पोचली ती फक्त तिची राख.

वॉशिंग्टनमधल्या एल्वा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ दरम्यान पाडली. सॅमन वरच्या पाण्यात परतू लागला आहे. पिल्लं परत देता येत नाहीत, पण नद्या देता येतात.